नस वाढते ती केसासारखी मुळातून, की वेलासारखी शेंड्यातून?

आरीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या आण्णांचा आहे, मी फक्त टाइप करतोय.

आम्ही कोल्हापुरात, सुभाषनगरात चपला करतो. आण्णांची चाळीस वर्षं ह्याच कामात गेली. श्रावणात तळाची कड तासताना रापी सटकली आणि डाव्या मनगटाच्या घडीच्या दोन बोटं वर, करंगळीच्या बाजूनं आत गेली. टॉवेल करकचून बांधून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. नस पूर्ण तुटली होती, ती दुर्बिणीखाली शिवली. आता नऊ आठवडे झालेत. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर आहे. चपलेची चामड्याची वेणी घालायला बसले की डाव्या हाताच्या चिमटीत पेड धरवत नाही, निसटतो. ऐन दिवाळीच्या ऑर्डरी, वेण्या सगळ्या आई घालतेय.

डॉक्टर म्हणाले, ‘वरून नवी नस वाढत येईल, दिवसाला अंदाजे एक मिलिमीटर. जखमेच्या पुढं बोटानं टिचक्या मारत जा. जिथं मारल्यावर करंगळीकडं मुंग्या धावतील तिथवर नस पोचली असं धरा.’ तेव्हापासून आण्णा दर रविवारी अंघोळीनंतर टिचक्या मारतात आणि बॉलपेननं टिंब काढतात. सुरुवातीला टिंब जखमेपाशीच होतं. आता मनगटाच्या घडीपर्यंत आलंय.

परवा मी त्यांना सांगितलं की नस म्हणजे पेशीच, आणि प्रत्येक पेशीला बाहेरून पातळ पटल असतं, दहावीच्या पुस्तकात होतं. तर ते म्हणाले, “चामडं वलं करून वढलं की लांब हुतंय, पर तेवढंच पातळ बी हुतंय. ही नस एवढी लांब व्हायला लागलीय तर तिचं चामडं येतंय कुठनं? आन् नवीन जोडत असतील तर जोड कुठं मारत्यात, मानंपाशी का टोकापाशी?”

डॉक्टरांना विचारलं तर बाहेर रांग होती, ते हसले आणि पुढचा पेशंट बोलावला. कुणाला माहीत असेल तर सांगा. आण्णांना अर्धवट उत्तर चालत नाही.

शिरोली_नाका

भावा, सोपं आहे. मी पाइपच्या एक्स्ट्रूजन लाइनवर बारा वर्षं काढलीत. हॉपरमध्ये माल पडतो, वितळतो, डायमधून पाइप बाहेर येतो आणि मागचा माल पुढच्याला ढकलतो. कारखाना एका टोकाला, पाइप लांबच लांब. नसेची पेशी मानेत असेल तर कारखाना मानेत. मानेपाशी माल भरायचा, टोक आपोआप पुढं सरकणार. टोकाला जोड मारायला तिथं कोण बसलंय?

थोडंफार रबरासारखं ताणलंही जात असणार. निसर्ग काटकसरी असतो.

हॅचरी_मावशी

शेंड्यातून. आता सविस्तर लिहिते, कारण ह्या एका गोष्टीवर मी पाच वर्षं घालवली आहेत आणि घरी कुणी ऐकून घेत नाही.

आधी आण्णांच्या हातात काय झालं ते बघू. आपण जिला नस म्हणतो ती हजारो तंतूंची दोरी असते. त्यातला एकेक तंतू म्हणजे एका चेतापेशीचा लांबवलेला हात, त्याला अक्षतंतू म्हणतात. स्पर्श सांगणाऱ्या पेशींची शरीरं मानेच्या तळाशी मणक्याच्या शेजारी गाठींत बसलेली असतात, स्नायू हलवणाऱ्यांची मज्जारज्जूच्या आत. तिथून करंगळीपर्यंत एकच पेशी पोचते. रापीनं ती मनगटावर कापली. कापाच्या खालचा तुकडा पेशीपासून सुटला आणि काही दिवसांत मेला. हे ऑगस्टस वॉलरनं १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर दाखवलं होतं. वरचा तुकडा मात्र जिवंत आहे. सर्जननं जे शिवलं ते दोरीचं बाहेरचं आवरण. आतला एकेक तंतू कुणी शिवू शकत नाही, तो ज्याचा त्यालाच वाढून यावं लागतं. खालच्या नळ्या रिकाम्या पडलेल्या असतात आणि त्यांत तंतूंना सांभाळणाऱ्या श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही) रांगेनं वाट धरून बसलेल्या असतात.

कापलेल्या टोकाला थोड्या दिवसांत एक फुगीर, पसरट पंजा तयार होतो. त्याला ग्रोथ कोन म्हणतात. हे नाव सांतियागो रामोन इ काहालचं. १८९० मध्ये त्यानं कोंबडीच्या गर्भाच्या रंगवलेल्या, म्हणजे मेलेल्या, कापांत तो पाहिला आणि तो जिवंतपणी पुढं सरकत असणार हे ओळखलं. प्रत्यक्ष जिवंत वाढ दाखवली रॉस हॅरिसननं, १९०७ मध्ये. बेडकाच्या गर्भातला मज्जेचा कण त्यानं लसिकेच्या थेंबात टांगून ठेवला, आणि त्यातून तंतू बाहेर आले.

मी तेच काम कोंबडीवर करायचे. नव्वदीच्या दशकात पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होते. हॅचरीतून अंडी आणायची, कापूस घातलेल्या डब्यात, मांडीवर धरून, रिक्षावाल्याला ‘दादा, खड्डा चुकवा’ म्हणत. आठव्या दिवशी कवच उघडायचं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी पोतीच्या मण्यांसारख्या गाठी दिसतात, मोहरीहून लहान. एकेक गाठ चिमट्यानं उचलून बशीत ठेवायची आणि त्यात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर घालायचा. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोएन ह्यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते ह्याच द्रव्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठीभोवती तंतूंची प्रभावळ उभी असते, देवीच्या मागं असते तशी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा इनक्यूबेटरचं दार लावायचं विसरले होते आणि सरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

त्यातलं एकच टोक धरून रात्रभर बघत बसायचं. मॉनिटरवर पारदर्शक शीट चिकटवलेली, हातात मार्कर, दर दहा मिनिटांनी टोक जिथं असेल तिथं ठिपका. आण्णांच्या टिंबाचं वाचून मला तीच शीट आठवली. तो पंजा सरळ चालत नाही. त्याची बोटं पुढं येतात, चाचपतात, आत ओढली जातात, दुसऱ्या बाजूनं पुन्हा निघतात. लाइट गेल्यावर आपण भिंतीवर हात फिरवत देवघरातली काड्यापेटी शोधतो ना, अगदी तसं. दोन बोटांमध्ये इतकं पातळ पटल पसरतं की त्याची फक्त कड थरथरताना दिसते. बोटांच्या आत अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, ते सतत पुढं बांधले जातात आणि मागं ओढले जातात. तासाला चाळीसेक मायक्रॉन चाल (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). चोवीस तासांचा हिशोब करा, डॉक्टरांचा एक मिलिमीटर येतो.

आता जोड कुठं मारतात ते. केसाला कलप लावला की पंधरा दिवसांत मुळाशी पांढरं दिसायला लागतं आणि कलप लावलेला भाग पुढं सरकतो, कारण केस मुळाशी वाढतो. नसही तशी वाढत असती तर तिच्या अंगावर केलेली खूण टोकाबरोबर पुढं गेली असती. डेनिस ब्रे ह्यानं १९७० मध्ये बशीतल्या सुट्या चेतापेशींवर नेमकं हेच पाहिलं. तंतूवर पडलेले बारीक कण जागच्या जागी राहिले, टोक मात्र पुढं निघून गेलं. तंतूला फांदी फुटली असेल तर फांदीची जागाही पेशीपासून तेवढ्याच अंतरावर राहिली. म्हणजे नवं पटल टोकाशी जोडलं जातं. माझ्याही बशीत एकदा काचेची कणी तंतूला चिकटली होती. संध्याकाळी ती टोकाच्या मागोमाग होती, सकाळी टोक बशीच्या कडेला आणि कणी बिचारी तिथंच.

शिरोली_नाका, ‘टोकाला कोण बसलंय’ हा तुमचा प्रश्न चांगला आहे. कारखाना मानेत आहे हेही बरोबर. पटलाचा बहुतेक माल पेशीच्या शरीरात तयार होतो, गॉल्जी यंत्रणेतून छोट्या छोट्या पिशव्या भरून निघतात. (गॉल्जी आणि काहाल ह्यांना १९०६ चं नोबेल विभागून मिळालं आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. गॉल्जी म्हणायचा सगळ्या नसा मिळून एकच जाळं, काहाल म्हणायचा पेशी सुट्या सुट्या. काहालच्या पंज्याला चामडं पुरवतात ते गॉल्जीच्या नावाचे कारखाने.) पण ह्या पिशव्या मागून ढकलल्या जात नाहीत. तंतूच्या आत मायक्रोट्यूब्यूल नावाचे रूळ असतात आणि त्यांवर कायनेसिन नावाचे हमाल पिशवी डोक्यावर घेऊन पावलं टाकत जातात. कायनेसिन १९८५ मध्ये सापडलं, माखल्याच्या जातीच्या स्क्विडच्या जाडजूड तंतूत. त्यांची चाल दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. मानेपासून मनगट साठ-सत्तर सेंटिमीटर धरलं तर आज आण्णांच्या हातात जोडली जाणारी पिशवी दोन-तीन दिवसांपूर्वी मानेतून निघालेली आहे.

टोकाशी पोचल्यावर पिशवी पटलाला चिकटते, फुटते आणि तिचं स्वतःचं आवरणच नवं पटल बनतं. ठिगळ लावल्यासारखं, फक्त शिवण राहत नाही. हे चिकटवण्याचं काम स्नेअर नावाची प्रथिनं करतात, आणि आण्णांना हे नक्की आवडेल: त्यांचे चार पेड एकमेकांत गुंफले जातात. एक पेड पिशवीवरून येतो, तीन पटलावरून. वेणी घट्ट होत गेली की पिशवी आणि पटल एकमेकांवर दाबले जाऊन एक होतात. सुरकुत्या घालवायला ज्या विषाची सुई टोचतात ते विष ह्याच वेणीचा एक पेड कापतं.

किती पिशव्या लागत असतील? हा हिशोब मी पोरांना तोंडी परीक्षेत घालते. तंतू एक मायक्रॉन जाड, दिवसाची वाढ एक मिलिमीटर, म्हणजे रोज सुमारे ३१०० चौरस मायक्रॉन नवं पटल. पिशवीचा व्यास ०.१५ मायक्रॉन धरला तर तिचं आवरण ०.०७ चौरस मायक्रॉन. भागाकार करा, दिवसाला ४४ हजार पिशव्या. दर दोन सेकंदांना एक, रात्रंदिवस. आणि हे एका तंतूचं झालं.

रबराचं मात्र साफ चूक. पेशीचं पटल पाचेक नॅनोमीटर जाडीचं, चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. त्याचं क्षेत्रफळ ताणून जेमतेम तीन-चार टक्के वाढतं, पुढं ते फाटतं. चामड्याहून हट्टी. आण्णांची शंका शंभर टक्के बरोबर: नुसतं ओढून भागत नाही, नवीन घालावंच लागतं.

शिरोली_नाका

मावशी, दंडवत. पण हमाल दिवसाला ४०० मिलिमीटर चालतो आणि नस वाढते एक मिलिमीटर? आमच्या लाइनवर असा हिशोब दाखवला तर मॅनेजर घरी पाठवेल.

हॅचरी_मावशी

पिशव्यांचा माल जलद जातो, पण सांगाड्याचा नाही. रूळ ज्या प्रथिनांचे बनतात ती आणि अॅक्टिन दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर पुढं सरकतात. चामडं वेळेत आलं तरी तळ यायचा असेल तर चप्पल थांबतेच. वाढीचा वेगही ह्या संथ मालाच्याच घरातला आहे.

आणि तुमची अगदीच हार नाही. १९९३ मध्ये बेडकाच्या पेशींत पटल तंतूच्या अंगावरून पुढं सरकताना दिसलं, म्हणजे तिथं मागून भरलेला मालही पुढं जात होता. शिवाय काही चरबी अक्षतंतू वाटेतच स्वतः तयार करतो. मेलेल्या तुकड्याच्या मायलिनमधली, म्हणजे तंतूभोवतीच्या वेष्टनातली, चरबीही वाया जात नाही, साफसफाई करणाऱ्या पेशी ती उचलून ठेवतात आणि नव्या वाढीला देतात. कातरण टाकून न देता थरात घालावी तसं.

लेकाची_आई

माझा एक भाबडा प्रश्न. माझा मुलगा आठवीत आहे, एका वर्षात आठ सेंटिमीटर वाढला, जूनमधली पँट दिवाळीला घोट्याच्या वर. त्याच्या नसा तर बोटांना आधीच जोडलेल्या आहेत, मोकळा शेंडा उरलाच नाही. मग त्या कशा लांब झाल्या?

हॅचरी_मावशी

भाबडा कसला, ह्यावरच लोकांनी आयुष्यं घालवली. शेंडा एकदा अडकला की वाढीची पद्धतच बदलते. हाड वाढतं, स्नायू वाढतो, त्यांच्याबरोबर नस ओढली जाते. ती ओढ पेशीला कळते आणि ती मधल्या लांबीत माल भरायला लागते. पातळ न होता लांब होते. ब्रेनंच १९८४ मध्ये पेशीचं टोक काचेच्या सुईनं हळूहळू ओढून दाखवलं की ओढ मिळाली तर तंतू पंज्याशिवायही वाढतो. अट एकच, ओढ संथ हवी. हिसका दिला तर तुटणारच.

पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेत हेच सांभाळतात. इलिझारोव्हची कडी लावलेला पेशंट पाहिला असेल कुणी. तिथं हाड दिवसाला एक मिलिमीटर लांबवतात, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. नसेनं बरोबर यावं म्हणून.

म्हणजे आण्णांच्या ओल्या चामड्याचं उदाहरण तुमच्या मुलाच्या पायाला जास्त लागू पडतं, फक्त ओढणारा हात आणि भरणारा हात एकाच वेळी चालतो.

ताराबाईपार्ककर

मी फिजिओथेरपिस्ट. शास्त्र मावशींनी सांगितलंच आहे, मी घरातलं सांगतो. आरीवाले, वडिलांचा हात न बघता काही सांगणं बरोबर नाही, त्यामुळे हे ढोबळ. बधिर बोट भाजलं किंवा कापलं तरी कळत नाही, चहाचा कप आणि रश्शाचं पातेलं त्या हातानं उचलू देऊ नका. रापी तर नकोच. बोटांचे सांधे रोज हलवून मोकळे ठेवा, नस पोचली आणि सांधा आखडला असेल तर उपयोग काय? स्प्लिंट दिला असेल तर सांगितलाय तेवढा वेळ घालायचा. गरम तेलानं जोर लावून चोळणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक. त्वचेला उशीर परवडतो, स्नायूला कमी. नसेवाचून वर्ष-दीड वर्ष गेलं तर स्नायू पुन्हा नीट जागा होत नाही. तुमचा काप मनगटाजवळ आहे, चिमटीचे छोटे स्नायू तळव्यातच आहेत, त्यामुळे अंतर थोडं आहे. दंडात कापलं असतं तर मी असं लिहिलं नसतं. तपासणीच्या तारखा चुकवू नका.

शिरोली_नाका

वाचनखूण साठवली. डायची उपमा मागं घेतो, कातरणीची ठेवतो.

आरीवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणानंतर आण्णांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कलपाच्या ठिकाणी आई हसली, कारण आण्णा गुपचूप लावतात. चार पेडांच्या वेणीला त्यांनी पुन्हा वाचायला लावलं आणि विचारलं, “चार पेडांची म्हंजे बसकी का गोल?” मी म्हटलं मावशींना विचारतो.

मग म्हणाले, शेंड्यातनंच वाढत असणार हे त्यांना टिंबावरनं वाटतच होतं. आम्हाला आत्ता सांगतायत.

हॅचरी_मावशी

गोल. चारही पेड एकमेकांभोवती पिळ घेतात, सुंभासारखे. आण्णांना सांगा, टिंबं काढताना दर वेळी एकाच बोटानं आणि सारख्याच जोरानं टिचकी मारायची, आणि मारायला सुरुवात बोटाच्या टोकाकडून करून जखमेकडे यायचं. नाहीतर मन आधी ठरवतं आणि मुंग्या मागून येतात. आमच्या प्रयोगशाळेतही टोक कुठं आहे ते सांगायला मुद्दाम दुसरा माणूस बसवायचो.

आरीवाला

आज रविवार. डोळे मिटून बसवलं, टिचक्या आईनं मारल्या, करंगळीच्या पेरापासून मागं. टिंब घडीच्या पुढं सात मिलिमीटर आलं. मोजपट्टी दुकानातली आहे, खुणा पुसट झाल्यात, त्यामुळं एखादा मिलिमीटर इकडंतिकडं.